वेस्टपोर्टची खुर्ची : परंपरा आणि कागद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं न्यूयॉर्क संस्थानाच्या ईशान्य भागांत ॲडिराँडॅक नांवाचा पर्वतप्रदेश आहे. त्याच्या पूर्वेस शँप्लेन सरोवराच्या कांठीं वेस्टपोर्ट हें गांव वसलेलें आहे. अंगणांत किंवा बागेंत उघड्यावर ठेवण्याची जी भक्कम लांकडी खुर्ची आज ॲडिराँडॅक या नांवानें ओळखली जाते, तिचा उगम या गांवीं झाला. परंतु तिचा कर्ता कोण, याविषयीं स्थानिक परंपरा व सरकारी कागद यांची साक्ष जुळत नाहीं. तिचा विचार येथें कर्तव्य आहे.

परंपरा अशी कीं, १९०३ च्या सुमारास टॉमस ली या गृहस्थानें आपल्या उन्हाळी निवासासाठीं खुर्ची करण्याचे प्रयोग आरंभिले. एकेक नमुना तयार होई व घरच्या मंडळींस त्यावर बसवून त्यांचा अभिप्राय घेतला जाई. पसंत ठरलेला नमुना त्यानें हॅरी बनेल या सुतार स्नेह्यास दिला. हिवाळ्यांत त्यास कांहीं प्राप्ति व्हावी हा हेतु.

कागद निराळें सांगतो. ४ एप्रिल १९०४ रोजीं बनेलनें अर्ज केला व १८ जुलै १९०५ रोजीं त्यास ७९४७७७ क्रमांकाचें पेटंट मिळालें. शोधक म्हणून त्यांत एकट्या बनेलचें नांव आहे. ही खुर्ची बंगल्याच्या धर्तीची असून ओसरी, हिरवळ व छावणी यांस योग्य आहे, आणि आजाऱ्याच्याही उपयोगाची करतां येते, असें वर्णन त्यांत आहे. हिंदुस्थानांतून इंग्रजींत गेलेला ‘बंगला’ हा शब्द त्या दूरच्या पहाडांत पोहोंचला होता, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. आजाऱ्याचा उल्लेखही अस्थानीं नाहीं. त्याच पर्वतांत सॅरनॅक लेक येथें डॉ. ट्रूडो यांच्या आरोग्यधामांत १८८५ पासून क्षयरोग्यांस मोकळ्या हवेंत विश्रांति देत असत.

तिसरा साक्षीदार खुद्द खुर्ची. आसनाच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या मागें उतरत जाऊन जमिनीस टेकतात व तेच मागचे पाय होतात. त्यामुळें सांधे कमी लागतात व भार मागें पसरतो. आसन व पाठ कललेलीं, हात रुंद. हा कल बसून पाहिल्यावांचून साधत नाहीं. ही गोष्ट परंपरेस अनुकूल आहे. उलट, सरळ फळ्यांची सोपी जोडणी सुताराच्या हातास साजेशी आहे. अर्थात् वस्तूच्या साक्षीनें एकट्यास सर्व श्रेय देतां येत नाहीं.

मग पेटंटाचें प्रामाण्य किती? इनामाची सनद हक्क कोणास मिळाला हें सिद्ध करते. पडीक जमीन प्रथम कोणी लागवडीस आणिली हें तीवरून ठरत नाहीं. तोच न्याय येथें लावला पाहिजे. हक्क बनेलचा, हें निर्विवाद आहे. कल्पना लीची, हें परंपरेच्या आधारें संभवनीय मानावें. केवळ कागदांत नांव नाहीं म्हणून तें टाकूं नये.

पुढें १९३८ सालीं न्यू जर्सी संस्थानांतील अर्विंग वोलपिन यानें अरुंद पट्ट्यांची पाठ असलेल्या रूपाचें पेटंट घेतलें. रुंद फळी पाण्यानें आडवी फुगते व उन्हांत आटून चिरते. पट्ट्यांमध्यें फट ठेविल्यास तिला जागा मिळते व पाणी निथळतें. आज आढळणारी खुर्ची बहुधा याच वळणाची असते. म्हणजे एका साध्या आसनामागें निदान तीन माणसांचे हात आहेत, आणि तिला रूढ झालेलें नांव मात्र त्यांपैकीं कोणाचेंच नाहीं; तें पर्वताचें आहे.