घसा तोच, निर्णय वेगळा

तोंड उघडे ठेवून बसणारे, तासाला डुलक्या घेणारे मूल प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते. त्याच्यावर ‘ढ’ असा शिक्काही चटकन बसतो. १८८९ मध्ये विल्यम हिल या ब्रिटिश डॉक्टरांनी मुलांच्या अशा ‘मंदपणा’चा संबंध नाकाघशातील अडथळ्याशी जोडला.

पुढे टॉन्सिल काढण्याची जणू साथच आली. १९३४ मध्ये न्यूयॉर्कमधील १००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ६१ टक्के मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्यांपैकी ४५ टक्के मुलांना डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. ‘गरज नाही’ ठरलेल्यांना दुसऱ्या डॉक्टरांनी तपासले, तर त्यांतीलही ४६ टक्क्यांना शस्त्रक्रिया सांगितली गेली! घसा पाहून केलेला अंदाज किती कच्चा होता, हे यावरून कळते.

१९७६ मध्ये गिलेमिनो व सहकाऱ्यांनी आठ मुलांच्या झोपेचा अभ्यास मांडला. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. टॉन्सिल मोठे असतील तर वाट बंद होते, श्वास अडतो, झोप मोडते. आता घशाबरोबर झोपही मोजता येऊ लागली.

२०१३ मध्ये अशा ४६४ मुलांवरील अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष आले. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या ७९ टक्के मुलांची झोपेतील श्वसनाची तपासणी सामान्य निघाली. नुसती वाट पाहिलेल्यांत ४६ टक्के. वागणूक सुधारली, अवधानाच्या चाचणीत मात्र ठळक फरक दिसला नाही. म्हणजे दुर्लक्ष नको, तशी घाईही नको.

डुलकी घेणाऱ्या मुलाला रागावण्याआधी पालकांना एवढेच विचारावे : हा रात्री घोरतो का?