पतन, अपघाती

व्यक्तीचा तोल अनवधानाने जाऊन ती जमिनीवर किंवा आधीपेक्षा खालच्या पातळीवर येते, त्या घटनेस अपघाती पतन म्हणतात. घसरून वा अडखळून होणारे समपातळीवरील पतन आणि गच्ची, जिना, शिडी, छप्पर यांवरून होणारे उंचीवरील पतन, असे त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6,84,000 व्यक्ती पतनामुळे दगावतात आणि त्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात.

शरीराचा तोल दृष्टी, अंतर्कर्णातील संतुलनेंद्रिय आणि स्थितिसंवेदना, म्हणजे स्नायू व सांध्यांकडून मेंदूला मिळणारी अवयवांच्या स्थितीची जाणीव, या तिन्हींच्या मेळाने राखला जातो. वडोदरा शहरात 14 जानेवारीचे उत्तरायण व दुसऱ्या दिवशीचे वासी उत्तरायण हे पतंग उडवण्याचे दिवस असल्याने आबालवृद्ध दिवसभर गच्चीवर असतात, आणि त्या वेळी या मेळातील दृष्टीचा आधार सुटतो. कारण नजर आकाशात खिळलेली असताना पतंग उडवणारा मांजा खेचत मागे सरकतो व मागची कड त्याला दिसत नाही. मांडवी, रावपुरा, तसेच मराठी कुटुंबांची जुनी वस्ती असलेला दांडिया बाजार अशा दाट भागांत कटलेल्या पतंगामागे मुले शेजारच्या पत्र्यांवर किंवा कौलांवर उतरतात, तेव्हा छप्पर भार न पेलल्यानेही अपघात होतो. एका मजल्याच्या, म्हणजे सुमारे 3 मीटर उंचीवरून पडणारी व्यक्ती पाऊण सेकंदाच्या आसपास ताशी सुमारे 28 किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते, त्यामुळे सावरण्यास अवधी उरत नाही.

प्रौढ व्यक्तीचा गुरुत्वमध्य साधारणपणे बेंबीच्या पातळीला असतो. कठडा त्याहून ठेंगणा असेल, तर त्यावर आदळलेले शरीर अडण्याऐवजी पलीकडे कलंडते. म्हणून गच्चीचा कठडा किमान 1 मीटर उंच असणे आवश्यक ठरते. मात्र स्टुलावर किंवा पाण्याच्या टाकीवर उभे राहिल्यास ही उंची निरुपयोगी होते. मुलांबरोबर पतंग न उडवणारी एक मोठी व्यक्ती असणे आणि पत्र्यांवर जाण्यास मज्जाव करणे, हे उपाय साधे व परिणामकारक आहेत.

वृद्धांमध्ये पतन बहुधा घरातच होते. ओली फरशी, अपुरा उजेड, मंद दृष्टी, झोपेची वा रक्तदाबाची औषधे ही त्याची प्रमुख कारणे असून अस्थिसुषिरता, म्हणजे हाडे विरळ होण्याचा विकार असल्यास किरकोळ पडण्यानेही खुब्याचे हाड मोडते. न्हाणीघरात पकडदांडा व खरखरीत फरशी, रात्री मंद दिवा, औषधांचा वैद्यकीय फेरआढावा आणि पायांचे बळ व तोल वाढवणारा नियमित व्यायाम यांनी धोका घटतो.

उंचीवरून पडलेल्या व्यक्तीच्या मानेस वा कण्यास इजा झाल्याची शक्यता गृहीत धरून, जागेवर दुसरा धोका नसल्यास, तिला न हलवता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोक्यास मार लागल्यानंतर उलटी, गुंगी किंवा बोलण्यात असंबद्धता आढळल्यास व्यक्ती शुद्धीवर असली तरी तिला तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते.