रांजणावरचा ड्रॅगन

सोनपेठेत लोणच्याची बरणी चिनीमातीची; पण त्या नावातला चीन आम्हांस प्रथम भेटला तो हैदराबादेस, 1951 साली उघडलेल्या सालारजंग संग्रहालयात.

अशा भांड्यांवर ड्रॅगन, मासे, वटवाघळे असतात. वटवाघूळ आपल्याकडे अशुभ; चिनी भाषेत त्याचा उच्चार सुदैवासारखा, म्हणून तिकडे मंगल. पाच नखांचा ड्रॅगन मात्र बादशहाचा.

भांड्यांचे मोठे गाव जिंगदेझेन. त्याविषयी 1712 साली दांत्रकोल या फ्रेंच पाद्र्याने लिहिले, की एक भांडे सत्तर कामगारांच्या हातून जाते. फुलांची रेघ एकाची, रंग दुसऱ्याचा, पशुपक्षी आणखी कुणाकडे. सरकारी भांड्यावर नाव लागे ते बादशहाच्या राजवटीचे!

एका कामगाराचे नाव मात्र उरले. 1599 साली दरबारास ड्रॅगनचे प्रचंड रांजण हवे होते. ते भट्टीत पुनःपुन्हा तडकत आणि कामगारांना फटके बसत. आख्यायिका अशी, की तोंग बिन या भट्टीवाल्याने जळत्या भट्टीत उडी घेतली, आणि रांजण अखंड निघाले. उडीचे कोण जाणे. फटक्यांवर आमचा पूर्ण विश्वास आहे. पुढे सरकारी कारखान्याच्या आवारातच त्याचे देऊळ झाले, आणि भट्टीवाले त्याला देव मानून पुजू लागले.