हर्लिंगचे मैदान आणि कॉर्कची नगरसभा

आयर्लंडच्या दक्षिणेकडील कॉर्क शहराच्या राजकारणाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने नगरसभेची दप्तरे चाळण्यापूर्वी हर्लिंगच्या मैदानाची वाट धरावी, असे म्हटले तर ते प्रथम अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु हर्लिंगपटू म्हणून गाजलेल्या आणि पुढे देशाचे पंतप्रधान झालेल्या जॅक लिंच ह्यांचे चरित्र पाहिले म्हणजे त्यातील तथ्य ध्यानी येते. ॲश वृक्षाच्या, टोकाशी पसरट होत गेलेल्या काठीने कातडी चेंडू फटकावण्याचा हा खेळ. एका बाजूस पंधरा गडी, चेंडू आडव्या दांड्याखालून गेल्यास तीन गुण आणि वरून गेल्यास एक. १८८४ साली थर्ल्स येथे गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना झाली, तेव्हापासून ह्या खेळास राष्ट्रीय अस्मितेचे अधिष्ठान लाभले आणि त्याची घडण बहुतांशी चर्चच्या पॅरिशनिहाय झाली. संस्थेचा कडवेपणा एवढा, की परका मानलेल्या असोसिएशन फुटबॉलच्या एका सामन्यास हजर राहिल्याबद्दल प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड ह्यांना तिने १९३८ साली आश्रयदातेपदावरून दूर केले. खेळाडूस मात्र कवडीही मिळत नसे. रविवारी ज्याच्या नावाचा जयघोष होई, तो सोमवारी सकाळी आपल्या कामावर रुजू असे. शेजारीपाजारी त्याला पारखीत ते दोन्ही ठिकाणी.

लिंच ह्यांचा जन्म १९१७ चा, वडील शिंपीकाम करीत. शहराच्या उत्तरेकडील ब्लॅकपूल ह्या श्रमिक वस्तीतील ग्लेन रोव्हर्स ह्या मंडळाने १९३४ ते १९४१ अशी सलग आठ वर्षे कॉर्क परगण्याचे विजेतेपद आपल्याकडे राखले, आणि त्याच मुशीत हा गडी तयार झाला. ३ सप्टेंबर १९३९ रोजी, ज्या दिवशी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले त्याच दिवशी, डब्लिनच्या क्रोक पार्कवर मेघगर्जना आणि धुवाधार पाऊस ह्यांच्या तडाख्यात अखिल आयर्लंड अंतिम सामना झाला. लिंच कॉर्कचे नायक होते आणि किलकेनीने अवघ्या एका गुणाने बाजी मारली. पुढे मात्र १९४१ ते १९४४ आणि १९४६ ह्या साली हर्लिंगची, तर १९४५ साली गेलिक फुटबॉलची, अशी लागोपाठ सहा वर्षे सहा पदके त्यांनी मिळविली. हा विक्रम दुसऱ्या कोणासही साधलेला नाही.

न्यायालयातील कारकुनी करीत करीत त्यांनी १९४५ साली वकिलीची सनद घेतली. फियाना फॉल पक्षाने १९४६ च्या पोटनिवडणुकीस उभे राहण्याची गळ घातली असता त्यांनी नकार दिला. १९४८ साली मात्र उभे राहिले आणि निवडूनही आले. खेळाच्या कीर्तीने मते मिळतात, कारभार साधत नाही, आणि म्हणूनच मला १९५० ते १९५७ हा त्यांचा कॉर्क नगरसभेतील ऑल्डरमनपदाचा काल अधिक महत्त्वाचा वाटतो. क्षयरुग्णालयांचे मंडळ, नॉर्थ इन्फर्मरीची व्यवस्थापन समिती, बंदराचे आयुक्तमंडळ अशा टाळ्या न मिळणाऱ्या ठिकाणी त्यांची उमेदवारी झाली. पुढे मंत्रिपदे आली, आणि १९६६ साली, दोन बलाढ्य इच्छुकांच्या झगड्यात तडजोड म्हणून, पंतप्रधानपद आले. त्यांच्या सौम्य वाणीस दुबळेपणा समजणाऱ्यांचा भ्रम १९७० च्या मे महिन्यात फिटला: उत्तर आयर्लंडसाठी शस्त्रे आणविल्याच्या संशयावरून हॉही आणि ब्लेनी ह्या दोन मातब्बर मंत्र्यांना त्यांनी बडतर्फ केले.

१९७७ च्या निवडणुकीत १४८ पैकी ८४ जागा त्यांच्या पक्षास मिळाल्या. लिंच ह्यांची लोकप्रियता हे त्याचे एक कारण. दुसरे जाहीरनाम्यातील आश्वासन, की राहत्या घरांवरील घरपट्टी रद्द होईल. ती १९७८ पासून रद्द झाली, आणि स्थानिक संस्थांच्या हक्काच्या उत्पन्नाचा मोठा झरा आटून त्या वरिष्ठ सरकारच्या अनुदानाकडे डोळे लावून बसल्या. सात वर्षे नगरसभेत काढलेल्या माणसाच्या अमदानीत हे व्हावे! अर्थतज्ज्ञांनी आखलेल्या योजनेस त्यांनी संमती दिली, एवढ्याने त्यांचा दोष पुसला जात नाही. शस्त्रप्रकरणी त्यांनी दाखविलेल्या धैर्याचे माप त्यांच्या पदरात पुरेपूर घालूनही, घरपट्टीचा हा निर्णय त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत मोठी चूक होती, असेच म्हणावे लागते.