स्थूलता-शस्त्रक्रिया व आहार

स्थूलता-शस्त्रक्रिया व आहार : अतिस्थूल व्यक्तीचे वजन घटविण्यासाठी जठर व लघ्वांत्र यांवर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांना ‘स्थूलता-शस्त्रक्रिया’ (बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया) ही संज्ञा लावतात. अशा शस्त्रक्रियेचे यश केवळ शस्त्रक्रियाविज्ञाच्या कौशल्यावर अवलंबून नसते. शस्त्रक्रियेपूर्वीचा आहार, तीनंतर टप्प्याटप्प्याने वाढविला जाणारा आहार आणि जन्मभर पाळावयाचे पथ्य यांवरही ते तितकेच अवलंबून असते. या शस्त्रक्रियांचा सु. सत्तर वर्षांचा इतिहास हा एका अर्थी आहारविषयक चुका ओळखून त्या सुधारण्याचा इतिहास आहे.

प्राचीन विचार : स्थूलतेचा विचार भारतीय वैद्यकात फार पूर्वीपासून झालेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या देहांचे वर्णन असून त्यांपैकी अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचा विचार विस्ताराने केला आहे. आयुष्याचा ऱ्हास, मंद हालचाल, दौर्बल्य, अतिस्वेद, अतिक्षुधा व अतितृष्णा इ. दोष अतिस्थूल व्यक्तीत सांगितले आहेत. कृशापेक्षा स्थूलाची चिकित्सा अधिक अवघड, असे चरकाचे मत होते. स्थूल व्यक्तीची भूक तीव्र असल्याने तिला उपवास सोसत नाही आणि पोषक अन्न दिल्यास मेद वाढतो, ही अडचण त्याने नेमकी ओळखली होती. म्हणून पचावयास जड परंतु पोषणाने हलके असे अन्न त्याने सुचविले. त्यात यव, वरीसारखी तृणधान्ये, मूग, कुळीथ व तूर यांचा समावेश होतो.

वमन-विरेचनादी शोधनानंतर आहार कसा वाढवावा, याचेही शास्त्र आयुर्वेदात आहे. त्याला ‘संसर्जनक्रम’ म्हणतात. प्रथम पेया (पातळ पेज), मग विलेपी (दाट पेज), त्यानंतर कडधान्यांचा यूष आणि शेवटी मांसरस, असा तो क्रम असून उत्तम शुद्धी झालेल्या रुग्णास प्रत्येक पदार्थ तीन अन्नकाल द्यावा, असे सांगितले आहे. मंद झालेला अग्नी एकदम जड अन्नाने विझू नये, हा त्यामागील हेतू होय. आधुनिक शस्त्रक्रियेशी या क्रमाचा ऐतिहासिक संबंध नाही. परंतु दुखावलेल्या पचनसंस्थेला द्रवाकडून घनाकडे हळूहळू नेण्याचे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

यूरोपात आहारनियंत्रणाने वजन घटविण्याच्या कल्पनेस लोकप्रियता मिळाली ती विल्यम बँटिंग या लंडनच्या व्यावसायिकाने १८६३ मध्ये काढलेल्या पुस्तिकेमुळे. साखर, पिष्टमय पदार्थ व बिअर वर्ज्य केल्याने आपले वजन कसे उतरले, हे तीत त्याने सांगितले होते. तथापि केवळ आहाराने उतरवलेले वजन पुष्कळांच्या बाबतीत काही वर्षांत पुन्हा वाढते, असा अनुभव पुढे सर्वत्र येत गेला. शस्त्रक्रियेचा विचार पुढे आला तो या अपयशातून.

शस्त्रक्रियांचा विकास : स्वीडनमधील व्हिक्टर हेन्रिक्सन याने १९५२ मध्ये लघ्वांत्राचा काही भाग काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. १९५४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथील क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनी लघ्वांत्राचा मोठा भाग वगळून अन्नाचा मार्ग आखूड करण्याची (रिक्तांत्र-शेषांत्र जोडणीची) कल्पना मांडली. पुढे कॅलिफोर्नियातील पेन व डीविंड यांच्या कार्यामुळे १९६०–७० या दशकात ती प्रचारात आली. अन्न आतड्यात शोषलेच जात नसल्याने रुग्णाने काहीही खाल्ले तरी वजन उतरत असे. हेच तिचे आकर्षण होते व हाच तिचा घातक दोषही ठरला. सतत अतिसार, मूत्रपिंडातील ऑक्झॅलेटाचे खडे, सांधेदुखी, प्रथिनांची न्यूनता व यकृत निकामी होणे असे उपद्रव दिसू लागले. काही रुग्ण दगावले, तर अनेकांची आतडी पुन्हा पूर्ववत जोडावी लागली. १९८० च्या सुमारास ही पद्धती मागे पडली. वजन उतरणे म्हणजे आरोग्य लाभणे नव्हे, हा धडा तीतून मिळाला.

दुसरी दिशा जठराच्या शस्त्रक्रियेतून सापडली. पचनज व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन पुन्हा वाढत नाही, हे आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आले. त्यावरून त्यांनी व चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये जठराचा वरचा लहान भाग वेगळा करून तो सरळ लघ्वांत्रास जोडण्याची शस्त्रक्रिया (जठर-उपमार्ग) केली. १९७७ मध्ये ग्रिफिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीत स्विस शस्त्रक्रियाविज्ञ सेझार रू यांच्या नावे ओळखली जाणारी ‘वाय’ आकाराची जोडणी वापरली. त्यामुळे पित्तरस वर चढण्याचा त्रास कमी झाला. १९७९ मध्ये इटलीतील निकोला स्कोपिनारो यांनी पित्त व अग्निपिंडरस अन्नापासून दूर वळविण्याची पद्धती प्रसिद्ध केली. १९९४ मध्ये विटग्रोव्ह व क्लार्क यांनी उदरदर्शकाच्या (लॅपरोस्कोपच्या) साहाय्याने केलेल्या जठर-उपमार्गाचे वर्णन केले. मोठा छेद टळल्याने जखमेचे उपद्रव घटले व रुग्ण लवकर हिंडूफिरू लागले. जठराचा सु. ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून काढून त्याची अरुंद नळी करण्याची शस्त्रक्रिया (स्लीव्ह) प्रारंभी अतिधोक्याच्या रुग्णांत पहिला टप्पा म्हणून केली जाई. २००० नंतर ती स्वतंत्रपणे होऊ लागली.

जठराचा आकार लहान केल्याने माणूस कमी खातो, एवढाच खुलासा प्रारंभी दिला जाई. पुढे या शस्त्रक्रियांनी भूक व तृप्ती नियंत्रित करणाऱ्या हॉर्मोनांत बदल होतो, असे आढळले. १९९९ मध्ये शोध लागलेल्या घ्रेलीन या क्षुधाजनक हॉर्मोनाचे प्रमाण जठर कापून नळी केल्यावर घटते, तर आतड्यातील जीएलपी-१ या हॉर्मोनाचा प्रतिसाद जेवणानंतर वाढतो. त्यामुळे पुष्कळदा वजन पुरते उतरण्यापूर्वीच मधुमेह आटोक्यात येतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून केलेल्या दीर्घकालीन पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा कमी असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारत व महाराष्ट्र : शस्त्रक्रियेस कोण पात्र, हे देहभार निर्देशांकावरून ठरते. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता हा निर्देशांक मिळतो. बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केटले यांनी १८३२ मध्ये या गुणोत्तराची कल्पना मांडली. अमेरिकेतील १९९१ च्या तज्ञपरिषदेने निर्देशांक ४० किंवा सहव्याधी असल्यास ३५ ही मर्यादा सुचविली होती. भारतीयांना ती जशीच्या तशी लागू पडत नाही, हे दाखविण्यात पुण्यातील संशोधनाचा वाटा मोठा आहे. के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व बालके यांची पाहणी केली. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ., तर इंग्लंडमधील साउदॅम्टन येथील बालकांचे सु. ३·५ किग्रॅ. होते. तथापि पुण्याच्या बालकांत स्नायू कमी असले, तरी त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये याज्ञिक व ब्रिटिश वैज्ञानिक जॉन युडकिन यांनी दोघांचे एकत्र छायाचित्र ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. दोघांचाही देहभार निर्देशांक २२·३ होता. पण शरीरातील चरबीचे प्रमाण याज्ञिकांत २१·२ टक्के व युडकिनांत ९·१ टक्के होते. दिसण्यात सडपातळ असलेल्या भारतीयास मधुमेह का होतो, याचे उत्तर या छायाचित्रात होते.

पुण्यातीलच शशांक शहा, जयश्री तोडकर व सहकाऱ्यांनी निर्देशांक ३५ पेक्षा कमी असलेल्या १५ मधुमेही रुग्णांवर जठर-उपमार्ग करून त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध केले. सर्व रुग्णांची मधुमेहाची औषधे सुटल्याचे त्यांत नमूद आहे. रुग्णसंख्या अल्प असली, तरी कमी निर्देशांकाच्या भारतीय रुग्णांचा प्रश्न त्यामुळे जगापुढे आला. २०२२ मधील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई लोकांसाठी २७·५ ही मर्यादा स्वीकारली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९–२१ मध्ये भारतातील २४ टक्के स्त्रिया व सु. २३ टक्के पुरुष वजनाने अधिक होते. त्याच वेळी सु. १९ टक्के स्त्रिया कृश होत्या. कुपोषणाची ही दोन्ही रूपे एकाच देशात, कित्येकदा एकाच घरात आढळतात.

शस्त्रक्रियेपूर्वीचा आहार : स्थूल व्यक्तीचे यकृत चरबीने मोठे झालेले असते व त्याचा डावा खंड जठरावर पसरल्याने उदरदर्शकाने काम करणे कठीण होते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी सु. दोन ते चार आठवडे दररोज ८०० ते १,००० कॅलरींचा, प्रथिने अधिक व कार्बोहायड्रेटे कमी असलेला आहार देतात. त्यामुळे यकृत आकसते. इन्शुलीन घेणाऱ्या रुग्णाचे औषध या काळात वैद्याच्या देखरेखीखाली कमी करावे लागते. रक्तक्षय व जीवनसत्त्वांची न्यूनता आधीच तपासून दुरुस्त करतात. कारण स्थूल व्यक्तीही पोषणाने दरिद्री असू शकते.

शस्त्रक्रियेनंतरचा आहार : पहिले एकदोन दिवस स्वच्छ द्रव, त्यानंतर सु. दोन आठवडे दूध, ताक, कढण यांसारखे पूर्ण द्रव, पुढील दोन आठवडे घोटलेले अन्न, मग मऊ अन्न आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे घन अन्न, असा सर्वसाधारण क्रम असतो. शिवणीवर ताण पडू नये व ती गळू नये, हा त्याचा उद्देश होय. उपमार्गानंतर जठराच्या पिशवीत सु. २० ते ३० मिलि. एवढेच अन्न मावते. म्हणून घास लहान घेणे, पुष्कळ चावणे व पाणी जेवणाबरोबर न पिता सु. अर्ध्या तासाच्या अंतराने पिणे आवश्यक ठरते. प्रतिदिनी ६० ते ८० ग्रॅ. प्रथिने व सु. दीड लिटर द्रव पोटात जावे लागतात. गोड खाल्ल्यास उपमार्ग झालेल्या रुग्णास धडधड, घाम व भोवळ असा त्रास होऊ शकतो.

कोकणातील एखाद्या गावाचे उदाहरण घेतल्यास या क्रमाचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट होतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील केळशी हे समुद्रकाठचे गाव महालक्ष्मीचे देवालय व याकूबबाबांचा दर्गा यांसाठी प्रसिद्ध आहे. भात, नारळ, मासे व कुळीथ हे या किनाऱ्यावरील परंपरागत अन्न होय. आजाऱ्यास प्रथम पेज, मग मऊ भात (आटवल) व मुगाचे किंवा कुळथाचे कढण देण्याची रीत कोकणातील घरांत रुळलेली आहे. ‘पेज’ हा शब्द ‘पेया’पासूनच आलेला आहे. म्हणजे संसर्जनक्रमाची परंपरा येथील स्वयंपाकघरात टिकून राहिली. शहाळ्याचे पाणी, पातळ ताक, कढण, घोटलेली डाळ व पुढे काटे काढून कुस्करलेला मऊ मासा असा क्रम घरच्या जिन्नसांतून लावता येतो.

तथापि या परंपरेतील एक उणीव लक्षात घेणे अगत्याचे आहे. पेज ही पिष्टमय असून तीत प्रथिने अत्यल्प असतात. ज्वरातून उठलेल्या माणसाचे जठर शाबूत असते. तो आठवड्याभरात पूर्ववत जेवू लागतो. शस्त्रक्रिया झालेल्याचे तसे नसते. त्याच्या लहानशा जठरात पेजच भरली, तर प्रथिनांना जागा उरत नाही आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. प्रेमापोटी वारंवार पेज देणारे घर अशा वेळी नकळत रुग्णाचे नुकसान करते. कुळथात सु. २२ टक्के प्रथिने असतात. नाचणीच्या १०० ग्रॅ. पिठात सु. ३५० मिग्रॅ. कॅल्शियम असते. म्हणून कढण, डाळ, दही, अंडे व मासे यांना ताटात पहिले स्थान आणि भाताला शेवटचे, असा नेहमीच्या जेवणाचा क्रम उलटा करावा लागतो. नारळाचे दूध घातलेली सोलकढी व कालवणे यांत वसा पुष्कळ असल्याने ती बेतानेच घ्यावी लागतात.

उपद्रव व दीर्घकालीन पथ्य : जठर-उपमार्गानंतर लोह, ब१२ जीवनसत्त्व, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांचे शोषण घटते. त्यामुळे ही द्रव्ये औषधरूपाने जन्मभर घ्यावी लागतात व वर्षातून निदान एकदा रक्ततपासणी करावी लागते. शस्त्रक्रियेनंतर सतत वांत्या होत असल्यास थायामिनाची (ब१ जीवनसत्त्वाची) न्यूनता होऊन तंत्रिका तंत्रास कायमची इजा पोहोचू शकते. सडीक तांदळावर राहणाऱ्यांना होणाऱ्या बेरीबेरी रोगाचे कारणही हीच न्यूनता होय. अशा वांत्या ‘पित्ता’च्या समजून घरी दिवस काढणे धोक्याचे असते. झपाट्याने वजन उतरताना पित्ताश्मरी होऊ शकते. तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास केस गळतात. ते बहुधा पुन्हा येतात. पहिल्या १२ ते १८ महिन्यांत गर्भधारणा टाळण्याचा सल्ला देतात. मद्य अधिक जलद चढते.

साधारणतः एक ते दोन वर्षांत मूळ वजनाच्या सु. २५ ते ३० टक्के वजन उतरते. त्यानंतर ते स्थिरावते व काहींच्या बाबतीत अंशतः पुन्हा वाढते. याचा दोष केवळ रुग्णाच्या मनोनिग्रहावर ठेवणे अशास्त्रीय आहे. गमावलेले वजन परत मिळविण्याकडे शरीराचा स्वाभाविक कल असतो. २०२१ नंतर जीएलपी-१ या हॉर्मोनाप्रमाणे कार्य करणारी सेमाग्लुटाइडासारखी औषधे वजन घटविण्यासाठी प्रचारात आली आहेत. त्यांमुळे शस्त्रक्रियेचे क्षेत्र कितपत आकुंचन पावेल, हे पुढील काळ ठरवील. औषध असो वा शस्त्रक्रिया, प्रथिनयुक्त आहार, व्यायाम व नियमित तपासणी यांची गरज मात्र टळत नाही.

ही शस्त्रक्रिया मुख्यतः मोठ्या शहरांतच होते. रुग्ण काही दिवसांत घरी परततो; तपासणी व पथ्य मात्र त्याच्या गावी आयुष्यभर चालवावयाचे असते. केळशीसारख्या किनाऱ्यावरील गावात ब१२ चे इंजेक्शन देणारा वैद्य, वांत्यांचे गांभीर्य ओळखणारी परिचारिका आणि ताटातील क्रम बदलण्यास तयार असलेले घर, या तिन्ही गोष्टी लाभल्या तरच शस्त्रक्रियेचे फळ टिकते. आतड्यांच्या पहिल्या शस्त्रक्रियांच्या अपयशाने शिकविलेला धडा आजही तोच आहे : वजन घटविणे शस्त्राने शक्य होते, पोषण मात्र अन्नानेच सांभाळावे लागते.