तांबड्या मुंग्यांची चटणी

तांबड्या मुंग्यांची चटणी हा विणकर मुंग्या (शास्त्रीय नाव: ईकोफिला स्मॅराग्डिना) आणि त्यांच्या अळ्या व कोश वाटून केला जाणारा आंबट-तिखट खाद्यपदार्थ आहे. महाराष्ट्रात तो प्रामुख्याने गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड व एटापल्ली परिसरात, माडिया गोंड समाजाच्या आहारात आढळतो. इंद्रावती नदीपलीकडे छत्तीसगडच्या बस्तर भागात हाच पदार्थ ‘चापडा’ या नावाने ओळखला जातो व तेथील आठवडी बाजारांत मुंग्या पानांच्या द्रोणांतून विकल्या जातात. ओडिशातील मयूरभंज जिल्ह्याच्या ‘सिमिलीपाल काई चटणी’ला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

मुंगी व तिचे घरटे

ही मुंगी जमिनीत वारूळ करीत नाही. आंबा, फणस, काजू, साल अशा झाडांची जिवंत पाने एकमेकांजवळ ओढून ती घरटे बांधते. कामकरी मुंग्या पानांच्या कडा धरून ठेवतात. इतर मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून धोट्याप्रमाणे फिरवतात आणि अळ्यांच्या मुखातून निघणाऱ्या रेशमाने पाने शिवली जातात. कोकणात हिला ओंबील किंवा हुमला म्हणतात. तेथे ती खाद्य म्हणून नव्हे, तर आंबे उतरविताना कडकडून चावणारी म्हणून परिचित आहे. तिला नांगी नसते. ती चावते आणि जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडते. चटणीला येणारा आंबटपणा प्रामुख्याने याच आम्लाचा असतो.

कृती

घरटी मुख्यतः उन्हाळ्यात, पावसापूर्वी काढतात, कारण त्या काळात त्यांत अळ्या व कोश भरपूर असतात. बोलण्यात यांना सरसकट ‘अंडी’ म्हटले जाते, परंतु खाल्ला जाणारा पांढरा भाग बहुतांशी अळ्या व कोशच असतात. फांदी तोडून घरटे खाली आणतात, मुंग्या झटकून वेगळ्या करतात आणि मीठ, मिरची, लसूण, आले यांच्यासह पाट्यावर वाटतात. चटणी भाकरी किंवा भाताबरोबर तोंडीलावणे म्हणून घेतात. ताप आल्यास या मुंग्या चावून घेण्याची किंवा चटणी खाण्याची प्रथा काही भागांत आहे. ही लोकसमजूत असून ती हिवतापावरील औषधोपचाराची जागा घेऊ शकत नाही.

पोषणमूल्य

कीटकांमध्ये प्रथिने, मेद तसेच लोह व जस्त यांसारखी खनिजे असतात. त्यांचे प्रमाण जातीनुसार व वाढीच्या अवस्थेनुसार बदलते. प्रसिद्ध होणारे प्रथिनांचे आकडे बहुधा सुकविलेल्या कीटकाच्या वजनावर काढलेले असतात, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. ताज्या मुंगीत पाण्याचा अंश मोठा असतो व चटणीचा घासही लहान असतो. त्यामुळे तिला डाळीचा पर्याय मानणे योग्य नाही. तांदूळप्रधान आहारातील पूरक प्राणिज अन्न एवढेच तिचे स्थान, आणि ते कमी महत्त्वाचे नाही. कोळंबी किंवा खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्यांना कीटकांचीही ॲलर्जी होऊ शकते, कारण या प्राण्यांतील काही प्रथिने परस्परांशी मिळतीजुळती असतात.

शाश्वततेचा प्रश्न

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये खाद्य कीटकांवरील अहवाल प्रसिद्ध केला, त्यानंतर कीटकांकडे ‘भविष्यातील अन्न’ म्हणून पाहिले जाऊ लागले. या अहवालानुसार जगात १९०० हून अधिक जातींचे कीटक खाल्ले जातात आणि रातकिड्यांचे १ किलो वजन वाढविण्यास सुमारे २ किलो खाद्य पुरते, तर गोमांसासाठी सुमारे ८ किलो लागते. ही तुलना पाळीव कीटकांची आहे. गडचिरोलीतील मुंगी कोणी पाळत नाही. ती रानातून येते. म्हणून तिचे शाश्वत असणे खाद्याच्या हिशेबावर नव्हे, तर झाडे टिकण्यावर आणि किती घरटी काढली जातात यावर अवलंबून आहे. एकाच वसाहतीची अनेक घरटी शेजारच्या झाडांवर पसरलेली असतात व राणी त्यांपैकी बहुधा एकाच घरट्यात असते. त्यामुळे काही घरटी काढल्याने वसाहत लगेच नष्ट होत नाही. मात्र सर्वच काढली किंवा राणीचे घरटे हाती लागले, तर ती संपू शकते. घरापुरत्या वापरात हा धोका थोडा असतो, बाजारासाठीच्या संकलनात तो वाढतो.

शिवाय या मुंग्या इतर कीटकांची शिकार करतात. चीनमध्ये लिंबूवर्गीय बागांत किडींच्या बंदोबस्तासाठी त्यांची घरटी विकत आणून टांगली जात, याचा उल्लेख इसवी सनाच्या चौथ्या शतकातील ग्रंथात सापडतो. काजूवरील ढेकण्या किडीविरुद्धही त्या उपयुक्त ठरतात. दुसरीकडे, गोड स्रावासाठी त्या पिठ्या ढेकूण व खवले किडींना संरक्षण देतात, त्यामुळे बागायतदारांचे त्यांच्याविषयीचे मत एकसारखे नाही.

कायदेशीर स्थान

वनहक्क कायदा, २००६ मधील गौण वनोपजाची व्याख्या वनस्पतिजन्य उत्पादनांवर आधारलेली आहे. तिच्यात टसर, कोश, मध, मेण व लाख या कीटकांशी निगडित वस्तूंचा स्पष्ट उल्लेख आहे. मुंगीचा नाही.