मोटेचे चामडे आणि शॉकअपची सील

पुरातून बाहेर काढलेल्या जुन्या मोटारसायकलीचे इंजिन आधी उघडले जाते. कार्ब्युरेटर धुतला जातो, टाकीतले पाणी काढले जाते, गाडी एकदाची सुरू होते आणि घर सुटकेचा श्वास सोडते. महिना-दोन महिन्यांनी पुढच्या शॉकअपच्या चकचकीत पाइपवर तेलाचे काळपट कडे उमटू लागते. ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसते, खड्ड्यातून गेली की उगाच डुलत राहते. ‘सील गेली’ एवढेच निदान होते. या दोन शब्दांमागे बराच इतिहास आहे, आणि पुष्कळदा ते निदान अर्धेच असते.

कुरुंदवाडला हा अनुभव नवा नाही. पटवर्धनांचे हे जुने संस्थानी गाव पंचगंगेच्या काठी आहे, आणि जवळच नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. वाडीच्या दत्तमंदिरात पाणी शिरले की दक्षिणद्वार सोहळा होतो, त्या स्नानासाठी दुरून माणसे येतात. तेच पाणी आणखी चढले की घरे सोडावी लागतात. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी शिरोळ तालुक्याने ते पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची खूण ४३ फुटांवर आहे. अशा पुरात बुडालेल्या गाडीवर पाणी ओसरल्यावर गाळ राहतो, आणि हा बारीक गाळ शॉकअपचा खरा शत्रू आहे.

शॉकअपच्या आतली रचना साधी आहे. वरचा गुळगुळीत पाइप खालच्या नळीत वरखाली सरकतो. आत स्प्रिंग असते आणि तेल असते. स्प्रिंग धक्का झेलते, तर छोट्या छिद्रांतून कष्टाने वाहणारे तेल तिची उसळी आवरते. सरकता पाइप आणि नळी यांच्यामधली फट बंद ठेवते ती ऑइल सील, म्हणजे पातळ ओठाची रबरी कडी. ओठामागे बारीक तारेची गोल स्प्रिंग असते, ती ओठाला पाइपवर दाबून धरते. तेल बाहेर येऊ द्यायचे नाही आणि पाइपला अडवायचेही नाही, अशी दुहेरी जबाबदारी या कडीवर असते.

सरकत्या वस्तूभोवतीची फट बंद करण्याचा प्रश्न मोटारसायकलीपेक्षा फार जुना आहे आणि त्याचे जुने उत्तर चामडे हेच होते. महाराष्ट्राच्या खेड्यांना चामडे आणि पाणी यांचे नाते मोटेमुळे परिचित होते. ढोर समाजातील कारागीर कातडे कमावीत, त्याची मोट होई आणि बैल ती विहिरीतून ओढीत. मोट कोरडी राहिली तर तडकायची, म्हणून तिची निगा राखावी लागे. गावोगावच्या हातपंपातही दट्ट्याभोवती चामड्याचा वायसर असे. १९६० च्या दशकात जालन्यात मिशनऱ्यांनी सुधारलेला पंप आणि पुढे सोलापूरचा पंप यांतूनच १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ आकाराला आला. त्यातही आधी चामड्याचेच वायसर होते. नायट्राइल रबर नंतर आले. 

यंत्राची सीलही चामड्याच्या धंद्यातूनच आली. जर्मनीतील वाइनहाइम येथे १८४९ पासून चालणारा फ्रॉइडेनबर्ग हा कातडी कमावण्याचा कारखाना १९२९ च्या सुमारास, मंदीच्या तोंडावर, चामड्याच्या सील बनवू लागला. वाल्टर झिमर या ऑस्ट्रियन अभियंत्याच्या नावावरून त्यांच्या फिरत्या दांड्याच्या सीलला ‘झिमरिंग’ म्हणू लागले. १९३६ पासून चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते आणि मऊ पडते. त्या काळी जर्मनीत तयार झालेले नायट्राइल रबर तेलाला टिकते. त्याच सुमारास, १९३५ साली, बीएमडब्ल्यूने आर-१२ या गाडीला तेलाने आवरला जाणारा टेलिस्कोपिक फोर्क दिला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या मॅचलेस गाड्यांवरही तसा फोर्क आला, आणि युद्धानंतर तोच सर्वत्र रूढ झाला.

भारतात तो मद्रासच्या बुलेटबरोबर १९५५ पासून आणि म्हैसूरच्या जावाबरोबर १९६१ पासून बनू लागला. राजदूतची पहिली रूपे वेगळ्या, झुलत्या हातांच्या फोर्कची होती. टेलिस्कोपिक फोर्क तिला नंतर मिळाला. उसाच्या शिवारातल्या काळ्या चिखलाच्या वाटांवर, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकावून या गाड्या वर्षानुवर्षे चालल्या.

आता मूळ प्रश्न: नवी सील बसवूनही तेल पुन्हा का येते? कारण दोष बहुधा पाइपात असतो. पाण्यात राहिलेल्या पाइपच्या क्रोमवर गंजाचे बारीक खड्डे पडतात, आणि प्रत्येक हेलकाव्याला ते नव्या सीलचा ओठ कुरतडतात. पाइपवरून नख फिरवले की खड्डा कळतो; डोळ्यांना तो चुकतो. किरकोळ खरखर पाण्याच्या पॉलिश पेपरने जाते. खोल खड्डा असेल तर पाइप बदलणे किंवा पुन्हा क्रोम करून घासून नेमक्या मापाला आणणे, याला पर्याय नाही. वाकलेला पाइप किंवा झिजलेले बुश असेल तरीही सील बिचारी विनाकारण बळी जाते.

उलट प्रकारही घडतो. सील शाबूत असते, फक्त तिच्या ओठाखाली गाळाचा कण अडकलेला असतो. जुन्या फोटोची निगेटिव्ह पट्टी कापून ती पाइप आणि ओठ यांच्यामधून हलकेच फिरवली की कण बाहेर येतो आणि गळती थांबते. हे आधी करून पाहावे.

बदलायचीच असेल तर पुढचे चाक उचलण्यापूर्वी शॉकअपच्या वरच्या टोप्या सैल कराव्या लागतात. पाय सुटे झाल्यावर त्या फिरवणे जिकिरीचे होते. जुनी सील उचकटताना तिच्या बैठकीवर ओरखडा पडू नये. नवीला तेल लावून, स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवून, सारख्या दाबाने बसवावे. दोन्ही पायांत तेल मोजून सारखेच भरावे. अंदाजाने जास्त ओतलेले तेल नव्या सीललाच बाहेर ढकलते. गळलेले तेल पुढच्या ब्रेकच्या लायनरवर गेले असेल तर तो लायनर बदललाच पाहिजे, कारण तिथे प्रश्न जिवाचा आहे.

म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, तरी येझदी रस्त्यावर राहिली. सीलच्या कडेवर तीन आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. तिन्ही जुळले की दुसऱ्या एखाद्या गाडीची सीलही तिथे बसते. म्हणून जाणता मेस्त्री दुकानात गाडीचे नाव सांगत नाही; तो जुनी सील पुसून काउंटरवर ठेवतो.